घरमालकीणबाई व्होल्ने घेऊन येताहेत, पानात काय वाढू?

दिजोंकर
नमस्कार मंडळी. गेलं दीड वर्ष मी फ्रान्समध्ये दिजोंला राहते. खालच्या मजल्यावर आमच्या घरमालकीणबाई राहतात, वय सत्तरीच्या पुढे. हिवाळ्यात मी तापाने पडले होते तेव्हा रोज दाराशी सुपाचं भांडं ठेवून जायच्या. त्यांना पुढच्या शनिवारी जेवायला बोलावलंय. त्या म्हणाल्या, "वाईन माझी." आणि तळघरातून बाटली काढून दाखवली: व्होल्ने, प्रमिए क्रू (म्हणजे वरच्या दर्जाच्या मळ्याची), २०१५ सालची.

मला एवढं कळतं की ही इथल्या बर्गंडी प्रांताची लाल वाईन, म्हणजे पिनो न्वार द्राक्षाची. बोन गावाच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर व्होल्ने गाव आहे, बसने जाताना मळे बघितलेत. इथे सगळे म्हणतात बफ बूर्गिन्यों (लाल वाईनमध्ये शिजवलेलं बीफ) कर. पण मी बीफ खात नाही, शिजवतही नाही. शिवाय मनातून आपलंच काहीतरी करून घालायचं आहे. त्यांनी इतकी वर्षं जपलेली बाटली माझ्या फोडणीखाली गुदमरायला नको, एवढीच काळजी. काय करू?

खमंग_फोडणी
सोपं आहे ताई. लाल वाईन, लाल मांस, लाल रस्सा. मटणाचा तांबडा रस्सा करा, बाई दिजों सोडून कोल्हापूरला राहायला येतील.

लिऑनवासी
@खमंग_फोडणी, रस्सा मलाही प्रिय, पण या बाटलीसोबत नको. कारण सांगतो.

पिनो न्वारच्या द्राक्षाची साल पातळ. लाल वाईनचा रंग आणि टॅनिन दोन्ही मुख्यतः सालीतून येतात. टॅनिन म्हणजे कच्चं केळं किंवा कडक चहा प्यायल्यावर जीभ आवळते ना, ते. पिनोत ते कमी. पेला पांढऱ्या कापडावर तिरका धरा, आरपार दिसतं. त्याच्या जागी आंबटपणा जास्त आणि सगळी मजा वासात. तरुण असताना चेरी, रासबेरी. आठ-दहा वर्षं मुरली की ओली माती, पालापाचोळा, मशरूम असा वास यायला लागतो. २०१५ हे साल बर्गंडीत चांगल्या उन्हाचं होतं, त्यामुळे तुमच्या बाटलीत फळ अजून असेल आणि रानाचा वासही सुरू झाला असेल.

आता तिखट. मिरचीची आग अल्कोहोलने वाढते, विझत नाही. तांबड्या रश्श्यावर व्होल्नेचा घोट घेतलात तर तोंडात फक्त जाळ उरेल. बाईंनी जपलेली बाटली त्यात दिसणारसुद्धा नाही.

चुलीवरचं
लिऑनवासींशी अर्धा सहमत. मिरचीबद्दल बरोबर. पण "आपलं जेवण आणि पिनो जमत नाही" हे जे सगळीकडे ऐकू येतं ते मला मान्य नाही. मी न्यू जर्सीत गेली बारा वर्षं पिनो पितोय आणि सुक्या मटणाबरोबरही प्यायलोय. अट एकच, लाल तिखट जवळजवळ शून्य आणि मसाला आईच्या हातचा काळा. लवंग, दालचिनी, तमालपत्र आणि मुख्य म्हणजे दगडफूल. मसाला भाजताना दगडफुलाचा जो वास सुटतो तो आठवा: पाऊस पडून गेल्यावर झाडाच्या सालीचा येतो तसा. आता लिऑनवासींचा "ओली माती, पालापाचोळा" परत वाचा.

तिखट वेगळं आणि मसाला वेगळा. आपण दोन्ही एकाच चमच्याने घालतो म्हणून घोळ होतो.

गवती_चहा
दगडफुलाला +१. हे कधी सुचलंच नव्हतं.

पाणकोंबडी
मासे चालतील का? बाई मासे खातात का ते विचारा आधी. माझ्या नवऱ्याने एकदा तळलेल्या बांगड्याबरोबर रेड वाईन आणली होती, तोंडाला गंजलेला खिळा चोखल्यासारखी चव आली. त्या दिवसापासून घरात रेड बंद.

लिऑनवासी
@पाणकोंबडी, तो गंज खराच. लाल वाईनमधल्या लोहामुळे माशाच्या तेलाला असा वास सुटतो. बांगड्यात तेल भरपूर, त्यामुळे जास्तच जाणवतो. टॅनिन कमी असल्याने पिनोबरोबर भाजलेला ट्यूना किंवा सामन बऱ्यापैकी निभावतो, पण शनिवारसाठी जोखीम नको. आणि चिंच-कोकमाचा आंबटपणा नकोच. वाईनपेक्षा पानातला पदार्थ आंबट झाला की वाईन पाणचट लागते. गोडाचं उलटं, गोड पदार्थावर तीच वाईन आंबट-कडू लागते.

द्राक्षबाग
मी निफाड तालुक्यातला. खायची द्राक्षं काढतो, वाईनची नाही. पण दोन वर्षांपूर्वी अभ्यासदौऱ्यात बर्गंडी बघितली म्हणून लिहितो.

पिनोचा घड मुठीएवढा आणि मणी एकमेकांत इतके गच्च की बोट शिरत नाही. पातळ साल, गच्च घड. आपल्याकडे असला वाण लावला तर पहिल्याच अवकाळीत घड आतून सडेल. भुरी आणि केवडा या दोन्ही रोगांना तिथेही बळी पडतो. डोळे लवकर फुटतात म्हणून एप्रिलच्या थंडीत मार खातो. २०२१ च्या एप्रिलमध्ये अशी थंडी पडली होती तेव्हा रात्रभर ओळींमधून मेणाच्या बादल्या पेटवून लोक जागले होते, तरी खूप नुकसान झालं. आम्ही गारपिटीला जागतो तसंच.

फरक म्हणजे आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्च माल. तिथे वेल हिवाळाभर झोपतो, छाटणी एकदाच. त्यांचं सगळं गणित थंडीवर चालतं. फळ सावकाश पिकतं म्हणून तो वास येतो. ऊन झोडपलं की साखर पटकन चढते आणि वास मागे राहतो.

बोन गावात द्राक्षतोडणीच्या तारखांच्या नोंदी १३५४ पासूनच्या आहेत. त्या जुळवून अभ्यासकांनी दाखवलंय की १९८८ नंतर तोडणी आधीच्या शतकांच्या सरासरीपेक्षा सुमारे तेरा दिवस लवकर येते. सहाशे वर्षांची वही! ते ऐकून मी घरी आल्यावर आमच्या बागेच्या छाटणीच्या तारखा लिहायला सुरुवात केली.

उंबरठा
द्राक्षबाग, शेवटचं वाक्य फार आवडलं. वही सोडू नका.

सातबारा
वहीचा विषय निघाला म्हणून अवांतर करतो, जमिनीच्या कागदांशी माझा रोजचा संबंध.

बर्गंडीत सीतोच्या मठाचे साधू बाराव्या शतकापासून मळे करत होते. त्यांचा क्लो द व्हूजो हा सुमारे पन्नास हेक्टरचा, भिंत घातलेला एकच मळा. फ्रेंच क्रांतीनंतर मठांच्या जमिनी सरकारजमा होऊन विकल्या गेल्या. नंतर वारसाहक्काच्या कायद्याने जमीन सगळ्या मुलांमध्ये सारखी वाटणं आलं. आज त्या एका भिंतीच्या आत ऐंशीच्या आसपास मालक आहेत. कुणाच्या वाट्याला वेलींच्या चार ओळी, कुणाच्या दहा. आपली भाऊबंदकी आणि बांधाची भांडणं ज्यांनी बघितली आहेत त्यांना हे लगेच कळेल.

पण त्यांनी एक गोष्ट केली. बांध पडत गेले तरी तुकड्याचं नाव पुसलं नाही. प्रत्येक तुकड्याला 'क्लिमा' म्हणतात आणि त्याचं नाव बाटलीवर येतं. २०१५ साली युनेस्कोने हे क्लिमा जागतिक वारशात घेतले. सगळ्यात गाजलेला रोमाने-कोंती हा मळा जेमतेम १.८ हेक्टर, म्हणजे साडेचार एकरांच्या आत. आमच्या गावात एवढ्या जमिनीवर ट्रॅक्टरचं कर्जही फिटत नाही.

द्राक्षबाग
@सातबारा, आमच्याकडेही तुकड्यांना नावं होती. थोरल्या मळ्याचं, पिंपळाखालचं, चोपण. आजोबा त्या नावांनीच बोलायचे. आता गट नंबर सांगतात.

तात्पुरता
सगळं ठीक, पण एका बाटलीसाठी इतका खल? मी नाशिकची वाईन फरसाणाबरोबर पितो आणि सुखी आहे. हे क्रू-बिरू म्हणजे श्रीमंतांचे चोचले.

चुलीवरचं
@तात्पुरता, फरसाणाला माझा विरोध नाही. पण इथे प्रश्न पैशाचा नाहीच. एक बाई नऊ-दहा वर्षं जपलेली बाटली परक्या मुलीच्या घरी घेऊन येते आहे आणि ती मुलगी विचारते आहे की पानात काय वाढू. आपल्याकडे पाहुणा घरचा आंबा घेऊन आला तर आपण बेत बदलत नाही का?

आणि दर्जाची उतरंड म्हणाल तर ती माणसांची नाही, जमिनीची आहे. सगळ्यात खाली नुसतं 'बूर्गोन', मग गावाचं नाव, मग प्रमिए क्रू, सगळ्यात वर ग्राँ क्रू, ते एकूण वाईनच्या एक-दोन टक्केच. व्होल्नेत ग्राँ क्रू नाही, म्हणजे ताईंची बाटली त्या गावातल्या सर्वांत वरच्या पायरीची आहे. शेजारचं पोमार जरा रांगडं, व्होल्ने नाजूक, असं तिथले लोक सांगतात.

तात्पुरता
आंब्याचं पटलं. मागे घेतो.

तीळगूळ
मी शाकाहारी आहे आणि वाईन फार क्वचित घेते, तरी लिहिते. अख्खा मसूर करा! आमच्या इस्लामपूर-कराडकडचा. फ्रान्समध्ये ल प्वीची हिरवट बारीक मसूर मिळते ना? शिजून अख्खी राहते, चवीला मातकट. वर कुणीतरी मातीचाच वास म्हणालं.

लिऑनवासी
तीळगूळ, तुम्ही मर्मावर बोट ठेवलंत. इथे मसूर आणि पिनो ही जुनी जोडी आहे. मसूर, मशरूम, बीट, भाजलेला कांदा, ही सगळी जमिनीलगतची माणसं. आत्ता ऑक्टोबर आहे, दिजोंच्या बाजारात सेप आणि जिरोल हे रानातले मशरूम आलेले असतील. मिळाले तर घ्याच.

माझा बेत: कोंबडीचे तुकडे लोण्यात तांबूस परतून, छोटे कांदे आणि मशरूम घालून मंद शिजवा. शेजारी अख्खा मसूर. मिरची नाही, चिंच नाही, टोमॅटो नावापुरता. काळा मसाला अर्धा चमचा.

पाणकोंबडी
मसुरात टोमॅटो नावापुरता? आमच्या सासूबाईंनी हा धागा वाचू नये.

दिजोंकर
मंडळी, किती मनापासून लिहिताय सगळे! बाईंना विचारलं, त्या सगळं खातात, फक्त कोथिंबीर त्यांना साबणासारखी लागते. मसूर आणि कोंबडी ठरलं. काळा मसाला संपलाय, पण आईने पाठवलेलं अख्खं दगडफूल डब्यात आहे.

मधल्या काळात इथलं संग्रहालय बघून आले. ते बर्गंडीच्या ड्यूकच्या जुन्या राजवाड्यातच आहे आणि तिथे फिलिप ल आर्दीची कबर आहे. याच ड्यूकने १३९५ साली फर्मान काढून गामे नावाच्या द्राक्षाला आपल्या मुलखातून हाकललं होतं. उत्पन्न जास्त पण वाईन हलकी म्हणून. गामेला त्याने बेइमान म्हटलं होतं, वेलीला! पिनोला राजाश्रय मिळाला तो असा.

सातबारा
@दिजोंकर, याचा पुढचा भाग गमतीचा आहे. १९९९ मध्ये डीएनए तपासणीतून कळलं की गामे हे पिनोचंच पोर. दुसरी पालक ग्वे ब्लां नावाची शेतकऱ्यांची साधी वेल. शार्दोने हे त्याच जोडप्याचं अपत्य. एका पोराला देशोधडीला लावलं, दुसऱ्याला पांढऱ्या वाईनचं राज्य दिलं.

उंबरठा
वारसाहक्काचा दावा लावा कुणीतरी.

कांदेनवमी
मूळ प्रश्नाकडे: वाईनच्या तपमानाचं कुणीच बोललं नाही. 'रूम टेंपरेचर' हा शब्द जुन्या दगडी घरांच्या काळातला, आता हीटर लावलेली खोली बावीस अंशांची असते. पिनोला चौदा ते सोळा पुरे. त्याहून गरम झाली की अल्कोहोलच नाकात जातं. तळघरातून थेट आली तर बरं, नाहीतर वीस मिनिटं फ्रीजमध्ये. आणि पेले मोठ्या पोटाचे घ्या, तिसऱ्या हिश्शाच्या वर भरू नका. वासाला जागा हवी.

गवती_चहा
चीज? बर्गंडीत एप्वास नावाचं आहे ना, वासाने बस रिकामी होईल असं?

लिऑनवासी
@गवती_चहा, आहे, त्याची साल द्राक्षाच्या चोथ्याच्या दारूने धुतात. खायला लोण्यासारखं. पण व्होल्नेसोबत मी नाही घेणार, ते वाईनला गिळतं. कोंते चालेल, किंवा सीतोच्या मठातले साधू आजही करतात ते मऊ चीज.

चुलीवरचं
मला एप्वास आणि पिनो आवडतं. इथे आपली वाट वेगळी.

दिजोंकर
काल जेवण झालं. सविस्तर लिहिते.

बाईंनी बाटली दुपारीच तळघरातून काढून जिन्यात ठेवली होती. माझ्या स्वयंपाकघरात ओव्हन चालू, त्यामुळे पहिला पेला गरमच झाला. त्यांनी एक घोट घेतला, काही न बोलता बाटली उचलून खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवली. दहा मिनिटांनी तीच वाईन निराळी लागली. कांदेनवमी, तुमचं ऐकायला हवं होतं.

बेकरीतून गुजेर आणले होते, चीज घातलेले पोकळ, खारे गोळे. ते वाईनबरोबर बघता बघता संपले. मग कोंबडी. लोण्यात परतली, छोटे कांदे, शांपिन्यों (साधे मशरूम) आणि मूठभर जिरोल, मीठ, मिरी, थाइम. दगडफुलाच्या दोन पाकळ्या कोरड्या भाजून, चुरून घातल्या. मसुरात लसूण, कांदा भरपूर, एक लवंग, दालचिनीचा तुकडा आणि पुन्हा दगडफूल. पाणकोंबडी, टोमॅटो अर्धा घातला.

फसलेली गोष्ट म्हणजे बीटाची कोशिंबीर. बीट जमिनीतलं म्हणून केली, पण दह्यात कालवून वर लिंबू पिळलं. तिच्यावर घोट घेतला आणि वाईन अक्षरशः नाहीशी झाली. बाईंनी वाटी हलकेच बाजूला सरकवली, "ही नंतर." जेवण झाल्यावर चमच्याने सगळी खाल्ली.

मसूर मात्र त्यांनी तीनदा घेतला. कोंबडी चांगली झाली होती, पण मसुराचा घास आणि वाईनचा घोट यांच्यात काहीतरी सारखं होतं. मलाही ते जाणवलं, लिहून सांगता येत नाही. त्या मध्येच थांबल्या आणि विचारलं, यात काय आहे? मी दगडफुलाचा डबा आणून दिला. त्यांनी एक पाकळी बोटांत चुरडली, हुंगली, पुन्हा हुंगली आणि म्हणाल्या, "मूस द शेन." त्यांचे वडील लाकूडतोड करायचे, घरी आले की त्यांच्या कोटाला हा वास यायचा म्हणे. मग बराच वेळ त्या वडिलांबद्दल बोलत होत्या. माझं फ्रेंच अपुरं पडलं, पण मी ऐकत बसले.

अत्तरदाणी
पहिल्यांदाच लिहितेय, या वाक्यासाठी. मूस द शेन म्हणजे ओकच्या झाडावर वाढणारं शेवाळ असं नावावरून वाटतं, पण ते शेवाळ नाही. ते आणि आपलं दगडफूल, दोन्ही एकाच कुळातले. बुरशी आणि शैवाल एकत्र राहून जे तयार होतं ते. फ्रेंच अत्तरांमध्ये तळाचा वास म्हणून ते पिढ्यानपिढ्या वापरतात. म्हणजे बाईंच्या नाकाने अगदी नेमकं ओळखलं.

चुलीवरचं
आज आईला फोन करून हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, दगडफूल जास्त घालायचं नाही, कडवट होतं.

दिजोंकर
आईंना सांगा, दोनच पाकळ्या होत्या :) बाईंना एक पुडी बांधून दिली. त्या आपल्या कॉक ओ व्हँमध्ये, म्हणजे वाईनमध्ये शिजवलेल्या कोंबडीत, घालून बघणार आहेत. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी, बोनच्या जुन्या इस्पितळाच्या वाईनचा लिलाव असतो ना, त्या दिवशी मला जेवायला बोलावलंय. आता बाटली नेण्याची पाळी माझी आणि हातात पंचवीस युरो आहेत. काय नेऊ?

लिऑनवासी
तेवढ्यात व्होल्नेच्या मागे लागू नका. बोनच्या आणखी दक्षिणेला मर्क्युरे आणि जिव्री ही गावं आहेत, पिनोच, आणि त्या किमतीत प्रामाणिक मिळते. दुकानदाराला सांगा कॉक ओ व्हँबरोबर हवी. आणि या वेळी बाटली आदल्या रात्रीच बाईंच्या तळघरात ठेवून या.